पोस्टर कलरच्या तासाला सगळी चित्रं मातकट का होतात?

तिसरी_ब

तिसरीचा वर्ग, ३८ मुलं, आठवड्यातून एकदा ४० मिनिटांचा चित्रकलेचा तास. नळ एकच, तोही वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात. रंगीत पेन्सिली आणि ऑइल पेस्टलवर सगळं सुरळीत चालतं. पोस्टर कलर काढले की मात्र अडचणी सुरू होतात:

१. तास अर्धा होईपर्यंत निम्मी चित्रं चॉकलेटी-करडी. हिरवा शेवाळी येतो, आणि लाल-निळा मिसळून जांभळा तर कधीच येत नाही.
२. साधा ८० जीएसएमचा (एका चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) कागद सुरकुततो, जास्त घासला की लगदा होऊन फाटतो.
३. आवरायला पंधरा मिनिटं जातात आणि नळावर झुंबड उडते.

रंग सहा बाटल्यांच्या संचातले आहेत: लाल, पिवळा, निळा, हिरवा, काळा, पांढरा. रंग वाटायचे कसे, किती द्यायचे, पाण्याचं काय करायचं, हे नेमकं सांगा. शिवाय एखाद्या चित्रकाराच्या कामावरून घेता येईल असा उपक्रमही सुचवा. चित्रकार कँडिन्स्कीचं वर्तुळांचं सोडून, ते दरवर्षी होतं.

---

रंगचक्र

जांभळ्याचं आधी घेऊ, कारण त्यात मुलांचा काही दोष नाही, बाटलीचा आहे. संचातला 'लाल' बहुतेक वेळा शेंदरीकडे झुकलेला असतो, म्हणजे त्याच्यात पिवळेपणा आधीच आहे. त्यात निळा घातला की तिन्ही प्राथमिक रंग एकत्र येतात. प्रत्येक रंगद्रव्य प्रकाशाचा आपापला भाग गिळतं. तिन्ही एकत्र आले की परत फेकायला फारसं काही उरत नाही, आणि डोळ्याला मातकट दिसतं. जांभळा हवा असेल तर गुलाबीकडे झुकणारा लाल, म्हणजे क्रिमसन किंवा मॅजेंटा लागेल, शेंदरी-लाल चालणार नाही.

हिरव्याचंही तसंच. गडद, केशरीकडे झुकणारा पिवळा आणि जांभळ्याकडे झुकणारा अल्ट्रामरीन निळा एकत्र केले की शेवाळीच येणार. लेमन यलो आणि प्रशियन ब्लू (किंवा हिरवटपणाकडे झुकणारा कुठलाही निळा) घ्या, लख्ख पोपटी मिळेल. संचाऐवजी सुट्या बाटल्या घ्या: लेमन यलो, मॅजेंटा किंवा क्रिमसन, हिरवट निळा, पांढरा. एवढ्या चारांत वर्ष निघतं. हिरवा आणि काळा कपाटातच राहू द्या.

विकत घेण्याआधी किंवा आहे त्या बाटल्यांची परीक्षा करायची असेल तर पांढऱ्या कागदावर प्रत्येक जोडीचा एकेक थेंब मिसळून वाळवून बघा. ओला रंग फसवतो. वाळल्यावर पोस्टर कलर थोडा फिका आणि धुरकट दिसतो.

आता वाटपाकडे. पहिल्या तासाला एका टेबलावर दोनच रंग आणि पांढरा ठेवायचा. काही टेबलांना पिवळा-निळा, काहींना पिवळा-मॅजेंटा, काहींना निळा-मॅजेंटा. तिसरा रंग टेबलावर नसेल तर चिखल होणारच नाही. पुढच्या आठवड्यात जोड्या बदला. तिन्ही रंग एकत्र द्यायचे ते तिसऱ्या आठवड्यात.

प्रमाण: दोन मुलांत एक ट्रे, प्रत्येक रंग ५ मिली म्हणजे एक चमचा, पांढरा दुप्पट. १९ जोड्यांना मिळून साधारण ३८० मिली रंग लागतो, त्यातला निम्मा पांढरा. A4 आकाराला हे पुरतं. जास्त ओतलात तर मुलं जास्त वापरतात आणि रंगाचे थर चढतात.

मिसळण्याचा क्रम हाही शिकवायचाच भाग आहे. आधी फिका रंग, मग त्यात गडद. प्रशियन ब्लू फार ताकदीचा असतो, पिवळ्याच्या आठ-दहा थेंबांना त्याचा एक थेंब पुरे होतो. उलट केलं, म्हणजे निळ्यात पिवळा घालत बसलात, तर अर्धी बाटली संपेल आणि रंग गडद हिरव्यापलीकडे सरकणार नाही. गुलाबी किंवा आकाशी करतानाही आधी पांढरा घ्यायचा आणि त्यात ब्रशच्या टोकाने रंग घालायचा.

---

ओलाब्रश

रंगांचं वर आलंच आहे. पण बाटल्या बदलून चिखल निम्माच कमी होईल. उरलेला पाण्यातून आणि घाईतून येतो.

पाणी: मुलं ब्रश पाण्यात खळबळतात आणि तसाच पुढच्या रंगात घालतात. ब्रशच्या पोटात राहिलेलं गढूळ पाणी रंगात उतरतं. म्हणून प्रत्येक मुलाजवळ तळहाताएवढं सुती फडकं हवंच. क्रम असा: धुवायचा, भांड्याच्या काठावर निथळायचा, फडक्यावर दोन्ही बाजूंनी टेकायचा, फडक्यावर डाग पडला तर पुन्हा धुवायचा, मगच नवा रंग. हे पहिल्या तासाला कोऱ्या ब्रशने, रंग न देता, दोन मिनिटं सगळ्यांकडून करून घ्या. पाण्याची भांडी बुडाला रुंद असावीत आणि एक तृतीयांशच भरावीत. उंच पेले कलंडतातच. पहिली-दुसरीला मी पाणी देऊच नये म्हणेन. प्रत्येक रंगात त्याचा त्याचा ब्रश ठेवायचा, प्रश्न मिटला.

घाई: सूर्य पिवळा केला आणि तो ओला असतानाच त्याला खेटून निळं आकाश भरलं की कडेला हिरवट घाण होते. पातळ-मध्यम थर सुकायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, दमट हवेत त्याहून जास्त. दोन ओल्या रंगांमध्ये कागदाची बारीक पांढरी रेघ सोडायला सांगा. ती सुकल्यावर भरता येते, आणि बऱ्याचदा न भरलेलीच चांगली दिसते.

तिसरं कारण कुणी सांगत नाही. पोस्टर कलर वाळला तरी पक्का होत नाही, ओला ब्रश लागला की पुन्हा सुटतो. पिवळ्यावर निळ्याचे ठिपके द्यायचे तर एकदा टेकवून ब्रश उचलायचा. तिथेच चार वेळा घासलं की खालचा पिवळा वर आलाच. 'एक फटका आणि पुढे' एवढं वाक्य फळ्यावर लिहून ठेवा.

रंगाचा दाटपणा: ब्रश उचलल्यावर थेंब लगेच पडता कामा नये. थोडा लोंबकळून मग पडला की बरोबर. बरणीतला घट्ट रंग असेल तर तीन भाग रंगाला एक भाग पाणी, तेही तास सुरू होण्याआधी तुम्हीच मिसळायचं.

कागद: ८० जीएसएमचा कागद ओल्या रंगासाठी नाहीच. भिजला की तंतू फुगतात, आणि फुगणं सगळ्या दिशांना सारखं नसतं, म्हणून लाटा येतात. किमान १५० जीएसएम घ्या, २०० असेल तर उत्तम. महाग वाटत असेल तर बांधणीचा खाकी कागद कापून घ्या, गुळगुळीत बाजू खाली, खरखरीत वर. पोस्टर कलर अपारदर्शक असल्याने खाकीवर फिके रंग छान उठून दिसतात. ४० मिनिटांत A4 पुरे, A3 अर्धवट राहतो. सुरकुतलेलं चित्र सरळ करायचं असेल तर पूर्ण वाळू द्या, मागून ओलसर फडकं फिरवा, कोऱ्या कागदांच्या मध्ये घालून रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवा. रंगाकडची बाजू रंगाला लावून ठेवली तर दोन्ही चित्रं चिकटतील.

आता आवराआवर. नळावर एकाही मुलाने जायचं नाही. वेळ अशी वाटा:

- तासाआधी: ट्रे भरून झाकलेले, टेबलांवर जुनी वर्तमानपत्रं, दोन बादल्या तयार. एक ब्रशची, एक गढूळ पाण्याची.
- ० ते ६ मिनिटं: प्रात्यक्षिक. कागदामागे पेन्सिलीने नाव, रंगाला हात लावायच्या आधी. ओल्या चित्रामागे नाव लिहिता येत नाही आणि बेवारस चित्रांवरून भांडणं होतात.
- ६ ते २८: काम.
- २८ ला ब्रश खाली. 'अजून दोन मिनिटं' कुणालाही नाही, एकाला दिली की सगळे मागतात.
- २८ ते ३६: चार मुलांच्या टेबलावर चार कामं. एकजण पाणी बादलीत ओततो, दुसरा ब्रश आणि ट्रे गोळा करतो, तिसरा चित्रं वाळवायला नेतो, चौथा वर्तमानपत्र रंग आत ठेवून गुंडाळतो. हात पुसायला टेबलागणिक एक पिळलेलं ओलं फडकं, शेवटी तेच टेबलावरून फिरतं.
- ३६ ते ४०: चित्रं बघणं. हे कापू नका.

कामं दर आठवड्याला फिरवत राहा, नाहीतर पाण्याचं काम ठरावीक मुलांकडेच जातं.

ब्रश बादलीत केसांवर उभे राहिले तर केस कायमचे वाकतात. आणखीही होतं: लाकडी दांडा पाणी पिऊन फुगतो, वाळल्यावर आकसतो आणि केस धरून ठेवणारी पत्र्याची नळी खुळखुळू लागते. म्हणून बादलीत चार बोटं पाणी आणि ब्रश आडवे. नंतर तळहातावर साबण घेऊन नळीलगतचा रंग निघेपर्यंत चोळा, आडवे वाळवा. ओला ब्रश केस वर करून उभा ठेवला तर पाणी नळीत उतरतं.

दोरीवर चिमट्याने चित्रं टांगणं दिसायला छान, पण दाट रंग ओघळतो. जमिनीवर सपाट वाळवा, कोरडी झाल्यावर टांगा.

---

कात्री_डिंक

कँडिन्स्कीबद्दल एक शब्द. वर्तुळांचं ते काम १९१३ मधला छोटासा कागद आहे, साधारण २४ × ३१ सेंटिमीटर, म्युनिकच्या लेनबाखहाउस संग्रहालयात. तो रंगाचा अभ्यास होता: एका रंगाशेजारी दुसरा ठेवला की काय होतं ते बघण्यासाठी. वर्गात नेमकं तेच गळतं आणि वर्तुळं तेवढी उरतात. घ्यायचंच झालं तर मुलांना एकच नारिंगी द्या, एका चौकोनात तो निळ्याभोवती आणि दुसऱ्यात पिवळ्याभोवती लावायला सांगा. 'कुठला जास्त झगझगतो?' एवढा एकच प्रश्न विचारा.

तुमच्या वर्गाला मी फ्रेंच चित्रकार मातीसचं कापकाम सुचवेन. कारण त्यात बिघडलेले कागदही वाया जात नाहीत. त्याच्या मदतनीस कोऱ्या कागदांवर आधी गुआशचे (अपारदर्शक जलरंगाचे) सपाट रंग देऊन ठेवत आणि तो ते कागद थेट कात्रीने कापत असे, आधी पेन्सिलीने न आखता. 'द स्नेल' हे १९५३ चं काम असंच केलेलं आहे, जवळजवळ २.८७ मीटर उंच आणि तेवढंच रुंद, आज लंडनच्या टेट संग्रहालयात. फळ्यावर खडूने त्याची उंची दाखवायला जा, फळा अपुरा पडेल. मुलांना ते फार आवडतं.

तीन तासांचा आराखडा:

पहिला तास: चित्र नाहीच. प्रत्येकाने एक A4 कागद एकाच मिसळलेल्या रंगाने कडेपासून कडेपर्यंत भरायचा. ब्रशचे फटके दिसले तर दिसू देत. वरच्या दोन रंगांच्या वाटपाला हे अगदी जुळतं, आणि ३८ वेगवेगळ्या छटांचे कागद तयार होतात. मातकट झालेलेही ठेवा. लख्ख रंगांच्या मध्ये एखादा मातकट तुकडा नसला तर सगळं चित्र ओरडतं.

दुसरा तास: कागदांचे चार चार तुकडे करून अदलाबदल. मग कापणं. पेन्सिल टेबलावर नको. कात्री धरलेला हात जागेवर ठेवायचा आणि कागद फिरवायचा, तरच वळण गोलाकार येतं. कात्री फिरवली की कोपरे पडतात. कापून उरलेली बाहेरची चौकट फेकू देऊ नका, बऱ्याचदा आकारापेक्षा तीच चांगली निघते. डावखुऱ्या मुलांना डावखुरी कात्री हवी. नेहमीच्या कात्रीत पाती उलटी बसतात, कापायची रेघ दिसत नाही आणि कागद दुमडतो.

तिसरा तास: आधी मांडणी, किमान दहा मिनिटं डिंकाशिवाय. तुकडे सरकवायचे, एक काढून बघायचा. मग चिकटवणं.

इथे एक ठरलेली फजिती आहे: पातळ डिंक वापरला तर तो पोस्टर कलर सोडवतो आणि शेजारचा तुकडा माखतो. ग्लू स्टिक वापरा, तुकड्याच्या मागच्या बाजूला कडेकडेने लावा आणि वरून बोटाने नाही, कोरा कागद ठेवून दाबा.

दुसरा पर्याय जपानी चित्रकार होकुसाईची मोठी लाट, साधारण १८३१ चं लाकडी ठशांचं चित्र. त्या मालिकेत प्रशियन ब्लू भरपूर वापरलेला आहे. म्हणून एका निळ्याच्या पाच छटा (पांढऱ्यात एकेक थेंब वाढवत) करायच्या आणि त्याच पाच छटांत पाणी रंगवायचं. मागे बारीकसा फुजी पर्वत आहे, तो मुलांना स्वतः शोधू द्या. आणि आकाश पानाच्या वरच्या कडेला पट्टीसारखं काढलं तर टोकू नका. सात ते नऊ वर्षांच्या वयात मुलं खाली जमिनीची रेघ आणि वर आकाशाची पट्टी अशीच मांडणी करतात.

शेवटचं: पूर्ण झालेलं नमुनाचित्र फळ्यावर लावू नका. ३८ प्रती मिळतील. कृती दाखवा, आणि दाखवून झाली की तो कागद उलटा करा.

---

काळापांढरा

नमुन्याबद्दल पूर्ण सहमत नाही. काहीच न दाखवता 'तुम्हाला हवं ते काढा' म्हटलं तर वर्गातली निम्मी मुलं दोन डोंगर आणि मधून उगवणारा सूर्य काढतात. एक नमुना लावला तर नक्कल होते, चार एकमेकांपासून लांबचे लावले तर होत नाही. मागच्या वर्षीच्या मुलांची कामं त्यासाठी जपून ठेवा.

काळा कपाटात ठेवा म्हणणंही अर्धंच बरोबर. सुरुवातीला दिला तर तो सगळं खातो, हे खरं. पण चित्र पूर्ण वाळल्यावर, पुढच्या तासाला, काळ्या ऑइल पेस्टलने रेषा काढू दिल्या तर विस्कटलेलं चित्रही उभं राहतं. फक्त रंग खरोखर वाळलेला हवा, ओलसरावर पेस्टल घसरतं.

आणि तपकिरीला शत्रू समजू नका. तिसऱ्या आठवड्यात तो मुद्दाम करायला लावा: पिवळा आणि मॅजेंटा मिसळून नारिंगी, त्यात निळ्याचा जेमतेम थेंब. यात पांढरा कमी-जास्त करून कातडीचे रंग मिळतात. प्रत्येकाने आपल्या मनगटाशेजारी कागद धरून आपला रंग जुळवायचा. 'स्किन कलर' म्हणून जो एकच गुलाबी खडू मिळतो, त्याची मग कुणाला आठवण येत नाही.

बाटल्यांवर आणि ट्रेच्या खणांवर रंगाचं नाव लिहा. लाल-हिरव्यातला फरक न कळणारं एखादं मूल वर्गात असू शकतं, मुलींपेक्षा मुलग्यांत हे बरंच जास्त आढळतं. ते विचारत नाही, शेजारच्याचं बघून रंग घेतं.

---

तिसरी_ब

बरंच हाती लागलं. दोन शंका उरल्या. ऑइल पेस्टलने चित्र काढून वरून पोस्टर कलर फिरवला तर पेस्टल झाकलं जातं, पांढऱ्या रेषा उमटतच नाहीत. आणि दाट भरलेला रंग वाळल्यावर तडकून खपल्या पडतात. उरलेला रंग पुन्हा बाटलीत ओतावा का?

---

रंगचक्र

पेस्टलचं: पोस्टर कलर अपारदर्शक आणि दाट, म्हणून मेणावरही बसतो. एक भाग रंगाला किमान पाच भाग पाणी घ्या, किंवा जलरंगाच्या वड्या वापरा. पेस्टल दाबून, चकाकी येईपर्यंत घासलेलं हवं. हलक्या हाताने काढलं तर कागदाच्या खळग्यांत मेण पोचत नाही आणि तिथे रंग शिरतो. रुंद ब्रश एकदाच फिरवायचा. थेंब मेणावर गोळा होऊन घरंगळले की प्रमाण जमलं.

खपल्या: स्वस्त पोस्टर कलरमध्ये भरीला खडूची पूड जास्त आणि चिकटवणारा डिंक कमी असतो. जाड थर वाळताना आकसतो, कागद तेवढा आकसत नाही, मग थर तडकतो. पातळ दोन थर द्या. १०० मिली रंगात एक चमचा पांढरा फेव्हिकॉलसारखा डिंक ढवळून घातला तरी फरक पडतो. पण मग ब्रश लगेच धुवायला हवेत, कारण हा डिंक वाळल्यावर पाण्याने सुटत नाही. कापकामाच्या कागदांना तर हे मुद्दाम करा, चिकटवताना रंग कमी सुटेल. कोरडी रंगपूड मात्र मुलांसमोर कालवू नका, ती हवेत उडते आणि श्वासात जाते.

---

ओलाब्रश

बाटलीत परत नको. ट्रेतल्या रंगात पाणी आणि दुसरा रंग गेलेला असतो, त्याने अख्खी बाटली नासते, आठवड्याभरात वास मारायला लागते. उरलेले पिवळे-हिरवे एका डब्यात, निळे-जांभळे दुसऱ्यात, झाकण घट्ट, वर तारीख. पुढच्याच तासाला खाकी कागदांना पाया म्हणून फासून टाका. ट्रे रिकामे करताना रंग नळाखाली धरू नका, आधी वर्तमानपत्राने पुसून घ्या. खडूची पूड पाइपमध्ये बसली की तो एकुलता एक नळही जाईल.